फॉरमॅट मारण्याआधी

प्रस्तावना

हे पुस्तक तुम्ही डिस्क बिघडल्यावर उघडले असेल, तर वाचन जरा थांबवा. डिस्क अजून संगणकाला जोडलेली असेल तर ती रीतसर बाहेर काढा. तशी निघत नसेल तर संगणक बंद करून वायर काढा. पडद्यावर आलेल्या कुठल्याही प्रश्नाला ‘हो’ म्हणू नका. डिस्क बाजूला ठेवा आणि मग पुढे वाचा. आता घाई नाही. वीज नसलेल्या हार्डडिस्कमधला डेटा आज आहे तसाच उद्याही राहतो.

सांगलीत माझे संगणक-दुरुस्तीचे दुकान आहे. लग्नसराई संपत आली की फोटो स्टुडिओवाले येऊ लागतात. अशाच एकाने काउंटरवर एक टेराबाइटची एक्स्टर्नल डिस्क ठेवली आणि विचारले, “दादा, ही फॉरमॅट मागतीय. मारू का?” त्या डिस्कमध्ये चार लग्ने होती, आणि अल्बम अजून एकाचाही दिलेला नव्हता. त्याने विचारले म्हणून निभावले. बरेच जण विचारत नाहीत. संगणक मागतोय म्हणजे द्यावे लागणार, असे समजून ते फॉरमॅट मारतात, मग कुठले तरी रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवतात, सापडलेल्या फाइलीही त्याच डिस्कवर साठवतात, आणि चौथ्या दिवशी दुकानात येतात.

वीस वर्षे हे काम करून मी एकाच गोष्टीवर ठाम आहे: डिस्क बिघडते तेव्हा डेटा बहुधा जागेवरच असतो; तो जातो नंतरच्या काही तासांत, आपल्याच हातून. हे पुस्तक त्या काही तासांसाठी लिहिले आहे.

‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल’ असे विंडोज म्हणते, तेव्हा ती नेमके काय सांगत असते? ‘मला या डिस्कची नोंदवही वाचता येत नाही’, एवढेच. डेटा गेला असे तिने म्हटलेलेच नसते. नोंदवही आणि डेटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एकदा मनात नीट बसले की पुढचे सगळे पुस्तक सोपे होते.

हे समजावून सांगताना मला सात-बाऱ्याचा मोठा आधार होतो. शेत शिवारात असते आणि त्याची नोंद तलाठ्याच्या दप्तरात. एकाच खातेदाराची जमीन चार गटांत विखुरलेली असली, तरी आठ-अचा उतारा काढला की सगळे गट एका जागी कळतात. डिस्कवरही मोठी फाइल सलग बसेलच असे नाही. ती तुकड्यातुकड्यांनी ठेवलेली असू शकते, आणि कुठला तुकडा कुठे आहे ते नोंदवहीत लिहिलेले असते. या नोंदवहीच्या पद्धतीलाच आपण फाइल सिस्टिम म्हणतो. फॅट३२, एक्सफॅट आणि एनटीएफएस या तीन पद्धती एक्स्टर्नल डिस्कवर नेहमी भेटतात.

फाइल डिलीट केली की सात-बाऱ्यावरचे नाव कमी होते. जमीन उभ्या पिकासकट जागच्या जागी असते. फॅट पद्धतीत तर फाइलच्या नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी फक्त एक खूण लिहिली जाते आणि बाकीचे नाव तसेच राहते. क्विक फॉरमॅट म्हणजे जुने दप्तर बाजूला सारून कोरे दप्तर मांडणे. शिवाराला त्याने हातही लागत नाही. पूर्ण फॉरमॅटची गोष्ट वेगळी. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट डिस्कभर शून्ये लिहितो, म्हणजे सगळ्या शिवारावर नांगर फिरतो. आणि कोऱ्या दप्तराचेही एक भय आहेच. दप्तरात जी जमीन मोकळी दिसते ती पुढच्या येणाऱ्याला दिली जाते. डिलीट झालेल्या फाइलीच्या जागेवर नवी फाइल लिहिली गेली की जुनी परत आणण्याचा मार्ग संपला. त्यासाठी मोठी फाइलच लागते असे नाही. डिस्क नुसती जोडली तरी विंडोज स्वतःच्या लहानसहान नोंदी तिच्यावर लिहीत असते. म्हणून पहिला नियम वायर काढण्याचा.

नोंदवही रचणाऱ्यांनी संकटाचा विचार केलेला आहे, ही दिलासा देणारी गोष्ट. फॅट३२मध्ये मुख्य तक्त्याच्या सहसा दोन प्रती असतात. एनटीएफएस आपल्या पहिल्या सेक्टरची (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा लहानसा ठरावीक तुकडा) एक प्रत विभागाच्या, म्हणजे पार्टिशनच्या, अगदी शेवटी ठेवते, आणि मुख्य नोंदवहीतल्या पहिल्या चार नोंदींची प्रतही वेगळी ठेवते. विभागांची मांडणी सांगणारा जीपीटी हा तक्ताही डिस्कच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटाला एकदा लिहिलेला असतो. क्रिस्तोफ ग्रेनिए यांचा टेस्टडिस्क हा मोफत प्रोग्रॅम याच जोडप्रतींच्या बळावर हरवलेले विभाग उभे करतो. एक्सफॅट मात्र या बाबतीत जरा उघडी आहे. विंडोज आणि मॅक दोन्हीकडे चालते म्हणून अनेक जण तीच निवडतात, पण बदलांची आगाऊ नोंद ठेवण्याची एनटीएफएसची सोय तिच्यात नाही. फाइल कॉपी होत असताना वायर हिसकली की नोंद अर्धवट राहते, आणि पुढच्या वेळी डिस्क फॉरमॅट मागते.

नोंदवहीचा बिघाड हा एक प्रकार झाला. दुसरा प्रकार वाटेचा: वायर, पोर्ट, किंवा डबीच्या आत डिस्क आणि यूएसबी यांच्यामध्ये बसवलेले छोटे सर्किट. वायर बदलून डिस्क सुरू झाल्याची उदाहरणे माझ्याकडे एवढी आहेत, की मी आधी वायरच बदलून पाहतो. मात्र डबी फोडून आतली डिस्क थेट जोडण्याआधी थांबावे. काही एक्स्टर्नल डिस्कमध्ये हे मधले सर्किटच डेटा कुलूपबंद करून लिहिते. ते बाजूला केले की समोर नुसता अर्थहीन बाइटांचा ढीग येतो. काहींत तर यूएसबी थेट डिस्कच्याच बोर्डावर असते. तसेच, जळालेला बोर्ड काढून सारख्या मॉडेलचा दुसरा बोर्ड बसवला की काम झाले, ही समजूतही आता जुनी झाली. प्रत्येक डिस्कच्या वाचणाऱ्या हेडांची बारीक मापे तिच्या बोर्डावरच्या चिपमध्ये असतात. ती चिप नव्या बोर्डावर न्यावी लागते.

तिसरा प्रकार यंत्राचा, आणि तिथे सर्वांत जास्त जपावे लागते. पहिली हार्डडिस्क आयबीएमने १९५६ साली आणली. २४ इंची ५० तबकड्या, वजन सुमारे एक टन, आणि सामावणार ५० लाख अक्षरे. आज खिशात मावणाऱ्या अडीच इंची डिस्कची तबकडी बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. तिची बाहेरची कड ताशी साठ किलोमीटरच्या आसपास धावत असते, आणि त्या धावत्या पृष्ठभागावरून वाचणारे हेड काही नॅनोमीटरवर तरंगत असते. माणसाचा केस हजारो नॅनोमीटर जाड असतो, यावरून त्या फटीची कल्पना करा. तबकडीवरच्या अतिशय बारीक चुंबकीय खुणा वाचणे ज्या शोधामुळे शक्य झाले, त्यासाठी आल्बेर फेर आणि पीटर ग्रुनबर्ग यांना २००७ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले.

असे यंत्र टेबलावरून चालू स्थितीत पडले की हेड तबकडीवर आपटते. त्यानंतर डिस्क लावली की ठरावीक अंतराने ‘टक… टक…’ असा आवाज येतो. हेड आपली जागा शोधते, सापडत नाही, मागे येते, पुन्हा शोधते. हा आवाज आला की त्याच क्षणी डिस्क बंद करावी. दुखावलेले हेड प्रत्येक फेऱ्यात तबकडीवरचा थर खरवडू शकते, आणि त्या थरातच तुमचा डेटा आहे. अशी डिस्क फ्रीजरमध्ये ठेवणे, तिच्यावर टिचक्या मारणे, घरी झाकण उघडून बघणे, हे सगळे मी लोकांच्या तोंडून ऐकले आहे आणि त्याचे परिणामही पाहिले आहेत. थंड डिस्क बाहेर काढली की तिच्यावर दव धरते. उघड्या हवेतला धुळीचा एक कण हेडाच्या वाटेत डोंगराएवढा असतो. हे काम धूळविरहित खोलीत, सुटे हेड बाळगणाऱ्या प्रयोगशाळेतच व्हायला हवे. माझ्या दुकानात ते होत नाही, आणि मी ते गिऱ्हाइकाला सरळ सांगतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी शहरात शिरले. ते ओसरल्यावर लोक चिखलाने माखलेल्या डिस्क घेऊन आले. कुणी उन्हात वाळवल्या होत्या, कुणी तांदळात पुरल्या होत्या, कुणी ‘बघू तरी’ म्हणून लावूनही पाहिल्या होत्या. साध्या हार्डडिस्कला हवेसाठी एक बारीक छिद्र असते, आणि पुराचे पाणी आत शिरू शकते. पाणी वाळते, पण गाळ तबकडीला चिकटून बसतो. भिजलेली डिस्क वाळवू नये. ओलसर असतानाच हवाबंद पिशवीत घालून प्रयोगशाळेकडे पाठवावी. नदीकाठच्या गावांत हे ठाऊक असायला हवे, म्हणून त्यावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे.

डिस्क किती सोसू शकते, याचे मला माहीत असलेले सर्वांत मोठे उदाहरण अंतराळातले आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे यान परतीच्या वाटेवर आकाशात विखुरले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्या यानात झेनॉन वायूवरच्या एका प्रयोगाच्या नोंदी ठेवणारी हार्डडिस्क होती. अवशेषांत ती सापडली तेव्हा जळालेल्या धातूच्या तुकड्यासारखी दिसत होती. अमेरिकेतल्या क्रोल ऑनट्रॅक या कंपनीत जॉन एडवर्ड्‌स यांनी तिच्या तबकड्या काढून रसायनाने स्वच्छ केल्या, दुसऱ्या सांगाड्यात बसवल्या, आणि ९९ टक्के डेटा वाचला. २००८ साली त्या प्रयोगाचे निष्कर्ष शोधनिबंधात प्रसिद्ध झाले. हे कशामुळे जमले? डिस्क जवळपास अर्धी रिकामी होती. संगणक डॉसवर चालणारा असल्याने डेटा इकडेतिकडे विखुरलेला नव्हता, आणि धुळीने खराब केलेला भाग नेमका न लिहिलेला निघाला. आणि तबकड्या स्वच्छ होईपर्यंत त्या कुणी फिरवल्या नाहीत. आधीच्या गोष्टी नशिबाच्या, शेवटची माणसांच्या संयमाची. आपल्या हातात शेवटचीच असते.

आता या पुस्तकाचा गाभा. कुठलीही आजारी डिस्क दुरुस्त करायची नसते; तिची आधी प्रत काढायची असते. पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत, भरलेले-रिकामे असा भेद न करता, जशीच्या तशी. याला आम्ही इमेज काढणे म्हणतो. पुढचे सगळे प्रयोग त्या इमेजवर. हात चुकला तर इमेज पुन्हा घेता येते. मूळ डिस्क पुन्हा आणता येत नाही.

त्या स्टुडिओवाल्याच्या डिस्कवर हेच केले. तिचा आवाज साफ होता, पण स्मार्ट या अंतर्गत नोंदीत वाचता न येणारे सेक्टर दिसत होते. डिस्क आपोआप उघडली जाणार नाही अशी सोय करून ती लिनक्सच्या संगणकाला लावली, शेजारी दोन टेराबाइटची रिकामी डिस्क, आणि डीडीरेस्क्यू सुरू केला. अँतोनियो दियास दियास यांनी लिहिलेला हा प्रोग्रॅम २००४ पासून सर्वांना मोफत उपलब्ध आहे. त्याची रीत एखाद्या जाणत्या माणसासारखी आहे. आधी जे सहज वाचता येते ते मोठमोठ्या घासांनी उचलून घ्यायचे. जिथे अडखळले तिथे रेंगाळायचे नाही, पुढे उडी मारायची. चांगला भाग हाती आला की मग मागे फिरून अडलेल्या जागांच्या कडा कुरतडायच्या. डिस्क मध्येच मेली, तरी बहुतेक ऐवज तोवर बाहेर आलेला असतो. या सगळ्याचा हिशेब तो साध्या मजकुराच्या एका फाइलीत ठेवतो. अधिकचे चिन्ह म्हणजे वाचून झाले, प्रश्नचिन्ह म्हणजे अजून हात लावलेला नाही, उण्याचे चिन्ह म्हणजे वाचता आले नाही. ही फाइल जपली की काम कधीही थांबवता येते आणि तिथूनच पुढे सुरू करता येते.

धडधाकट एक टेराबाइटची डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइटच्या वेगाने वाचली तर पावणेतीन तास लागतात. या डिस्कला ३१ तास लागले. मधे दोनदा थांबवून तिला गार होऊ दिले. शेवटी १९५ कोटींहून अधिक सेक्टरांपैकी ४,३१२ वाचता आले नाहीत, म्हणजे जेमतेम सव्वादोन मेगाबाइट. पण त्यात विभागाचा पहिलाच सेक्टर होता, आणि तेवढ्यासाठी विंडोज सगळी डिस्क फॉरमॅट करायला सांगत होती. इमेजवर टेस्टडिस्क चालवून शेवटच्या जोडप्रतीवरून तो सेक्टर पुन्हा लिहिला, आणि फोल्डर नावांसकट उघडले. चारही लग्ने होती. दोन चित्रफितींत काही क्षण हिरवे ठिपके येतात, एवढेच.

नोंदवही पूर्ण गेली असेल तर शेवटचा उपाय फाइलींच्या चेहऱ्यावरून त्या ओळखण्याचा. बहुतेक प्रकारच्या फाइलींची सुरुवात ठरलेली असते. जेपेग फोटोचे पहिले तीन बाइट एफएफ, डी८, एफएफ असतात. वर्डची डॉक्स फाइल आत झिप असल्यामुळे ‘पीके’ या दोन अक्षरांनी सुरू होते, आणि ती अक्षरे झिप रचणाऱ्या फिल कॅट्झ यांच्या नावाची आहेत. टेस्टडिस्कचाच सोबती फोटोरेक अशा खुणा शोधत सगळे शिवार पालथे घालतो. फाइली मिळतात, पण त्यांची नावे आणि फोल्डर मिळत नाहीत; जमीन सापडते, खातेदार सापडत नाही. तुकड्यांत विखुरलेली फाइल तर बहुधा अर्धवटच येते.

इथे मराठीत काम करणाऱ्यांची एक खास अडचण आहे, आणि इंग्रजी पुस्तकांत तिचा उल्लेख असण्याचे कारणच नाही. दिवाळी अंक लावणाऱ्या एका डीटीपीवाल्या ताईंच्या डिस्कमधून हजारो निनावी फाइली निघाल्या. त्यांत हवी ती कथा शोधायला लेखकाच्या नावातला एक शब्द टाइप केला. एकही फाइल लागली नाही. मजकूर युनिकोडमध्ये नव्हता. जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर देवनागरी दिसते, पण फाइलीत रोमन अक्षरे आणि चिन्हेच साठवलेली असतात. मग त्या फॉन्टमध्ये तोच शब्द टाइप करून, त्यामागची रोमन अक्षरे काढून, त्यांचा शोध घेतला, तेव्हा फाइली सापडत गेल्या. ही युक्ती पुस्तकात पायरीपायरीने दिली आहे. मराठीतले कितीतरी लेखन अजून अशा फॉन्टांत अडकलेले आहे.

जे होत नाही तेही आधीच सांगितले पाहिजे. वर दुसरे काही लिहिले गेले असेल तर मूळ परत येत नाही. एक्स्टर्नल एसएसडीवर ट्रिम चालू असेल, तर डिलीट झालेल्या जागा डिस्क स्वतःच पुसते, आणि तिथे सात-बाऱ्याची उपमा लागू पडत नाही. विंडोजच्या बिटलॉकरने कुलूपबंद केलेली डिस्क पासवर्ड किंवा ४८ अंकी किल्लीशिवाय कुणीही उघडू शकत नाही. ‘शंभर टक्के रिकव्हरी’ची हमी डिस्क न पाहता देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिल्यात पहिले काही तास: काय करायचे नाही आणि बिघाड कुठल्या प्रकारचा आहे हे कसे ओळखायचे. दुसऱ्यात इमेज, टेस्टडिस्क, फोटोरेक आणि फॉन्टांचा शोध. तिसऱ्यात बॅकअप: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. एक्स्टर्नल डिस्कवर हलवून संगणकावरून पुसलेली फाइल म्हणजे बॅकअप नव्हे. ती एकुलती एक प्रत असते. तिसरा भाग ज्यांनी मनापासून अमलात आणला त्यांना दुसरा वाचावा लागणार नाही, आणि तसे व्हावे हीच माझी इच्छा आहे.

हे पुस्तक लिहायला मला एका डिस्कने लावले. २००८ साली निवृत्त शाळामास्तर एक डिस्क घेऊन आले. त्यांच्या आईने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी तीन उन्हाळे बसून ध्वनिमुद्रित केल्या होत्या. डिस्क उघडत होती, पण फाइली फार सावकाश येत होत्या. मी विंडोजचे चेकडिस्क लावले, बॅड सेक्टर दुरुस्त करण्याच्या पर्यायासकट. ते साधन फाइल सिस्टिम सरळ करते. डेटा वाचवणे हे त्याचे काम नाही, हे मला तेव्हा कळत नव्हते. निम्म्यावर आल्यावर डिस्क टकटकू लागली आणि पुन्हा नीट उघडली नाही. हाती आल्या त्या नावाच्या शेवटी ‘सीएचके’ असलेल्या काही फाइली, आणि त्यांत मिळून आईंचा सहा मिनिटांचा आवाज.

मी हात लावण्याआधी ती डिस्क वाचत होती. सावकाश का होईना, वाचत होती. एक रिकामी डिस्क शेजारी लावून मी नुसता बसून राहिलो असतो, तर ओव्या बाहेर आल्या असत्या.

मास्तर रागावले नाहीत. “असू दे, तुमच्याकडेच ठेवा,” म्हणाले. ती डिस्क माझ्या खणात आहे. दुकानात नवा मुलगा शिकायला आला की पहिल्या दिवशी मी ती त्याच्या हातात देतो, तिची गोष्ट सांगतो, आणि मग डीडीरेस्क्यूची पहिली आज्ञा शिकवतो. या पुस्तकाचे पहिले प्रकरणही तिथूनच सुरू होते.

सांगली